अवघड जागेचं दुखणं

पारनेर तालुक्यात, कान्हूरच्या पठारावर एक शेतकरी राहत होते. घरचे आणि गावचे सगळेच त्यांना नाना म्हणत. पाच एकर जमीन, एक विहीर, दोन बैल, एक म्हैस. पठाराची जमीन हलकी आणि पाऊस बेताचा. विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी पुरलं की वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. तरीही पावसाळ्यात वाटाणा आणि त्यामागून कांदा, ही दोन पिकं नाना निगुतीनं काढायचे.

नानांची नजर पंचक्रोशीत नावाजलेली होती. वाफ्यातून चालताना कांद्याची पात नुसती बोटांत धरून ते सांगायचे, फुलकिडे आलेत, दोन दिवसांत फवारा मारा. काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला निघालेली माणसं नानांना गाडीभाडं देऊन सोबत नेत. नाना बैलाचे दात बघत, खूर उचलून तळ बघत, खांद्यावर थाप मारत, शेवटी मागच्या पायांमध्ये हात घालून जांघ चाचपत. "मुकं जनावर आहे, ते सांगणार न्हाई. आपणच बघायचं असतं," असं ते म्हणत.

असल्या या नानांना स्वतःला नऊ वर्षांपासून एक दुखणं होतं. डावं अंड सुजायला लागलं, ते सुजतच गेलं. आधी लिंबाएवढं, पुढं पेरूएवढं. नानांनी लेंगा सोडला आणि धोतर धरलं. मोटारसायकलवर बसताना ते एका अंगाला कलून बसत. बांधावरून उडी टाकायची बंद केली. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे, "कंबर धरलीय."

आणि थोरली लेक दिली होती नगरला, तीही डॉक्टरच्या घरात. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण नानांच्या घरी शब्द न शब्द खरी झाली होती. दिवाळीला जावई आले की नाना दोन दिवस मळ्यातच मुक्काम ठोकत. नानांच्या मंडळींना सगळं ठाऊक होतं. पण बाईमाणसानं त्यात काय बोलायचं, असं म्हणून त्याही गप्प राहिल्या. घर चांगलं होतं, माणसं एकमेकांवर जीव टाकणारी होती. फक्त कमरेखालच्या दुखण्याचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं.

नानांचा धाकटा मुलगा सत्तावीस वर्षांचा. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला, पाळीची ड्युटी. लग्नाचं वय उलटून चाललं होतं आणि हल्ली शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळवताना आईबापांच्या चपला झिजतात. तीन वर्षं स्थळं बघून झाली होती. अखेर एका घरी जमलं. मुलगी पसंत, मुलगा पसंत. दिवाळीनंतर सुपारी फोडायची ठरली.

त्याच साली चैत्रात, निघोजच्या मळगंगेच्या यात्रेहून आल्यावर, अंघोळ करताना धाकट्याच्या हाताला काहीतरी लागलं. उजव्या अंडावर, वाटाण्याएवढं, घट्ट. दाबलं तरी दुखेना. त्यानं पुन्हा चाचपलं, मग पाणी ओतून घेतलं आणि कपडे घालून बाहेर आला.

दुखत नाही, म्हणजे विशेष काही नसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आठ दिवसांनी बघितलं, तर ते तिथंच होतं. कंपनीतल्या एका मित्राला त्यानं आडवळणानं विचारलं. मित्र म्हणाला, उष्णता झाली असंल, सब्जा खा. त्यानं सब्जा खाल्ला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार शिरूरला जाऊन एका मेडिकलमधून मलम आणलं. रात्रपाळीत मोबाईलवर शोधायचा, पहिल्या दोन ओळी वाचायचा आणि बंद करायचा. डॉक्टरला दाखवावं, हे रोज मनात यायचं. पण मनात येताच पाठोपाठ दुसरी भीती यायची. हे बाहेर फुटलं तर? मुलीकडच्यांना कळलं तर? लोक म्हणतील, पोरात दोष आहे. दाजी डॉक्टर आहेत, पण दाजींना सांगितलं तर ताईला कळणार, ताईला कळलं की आईला कळणार. त्यापेक्षा लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.

श्रावण लागला तेव्हा गाठ वाटाण्याएवढी राहिली नव्हती. उजवी बाजू जड लागायची. पाठीत, कमरेच्या वर, मंद ठणका सुरू झाला होता.

वाटाण्याची तोडणी चालू होती. दिवसभर बायकांनी शेंगा तोडल्या, संध्याकाळी गोण्या भरल्या, पुण्याच्या मार्केट यार्डाला जाणारा पिकअप बांधाला येऊन लागला. धाकटा गोणी पाठीवर घेऊन चढत होता आणि नाना खाली उभे राहून गोण्या मोजत होते. मोजता मोजता नाना थांबले. पोरगा गोणी टाकून उडी मारून उतरत नव्हता. फाळक्याला धरून, एक पाय आधी टेकवून, दुसरा पाय बाजूला ठेवून हळूच उतरत होता. मग मोटारसायकल आणायला गेला तो डाव्या अंगाला कलून बसून आला.

नानांना ते बसणं ओळखीचं होतं. नऊ वर्षं ते स्वतः तसेच बसत आले होते.

गाडी गेल्यावर नानांनी विचारलं, "काय रं, काय होतंय?"

"कुठं काय?" धाकटा म्हणाला. "कंबर धरलीय जरा."

नाना पुढं काही बोलले नाहीत. स्वतःचं खोटं पोराच्या तोंडून जसंच्या तसं ऐकल्यावर बोलायला उरलं तरी काय होतं? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पोराला दरडावून विचारावं, तर तो आणखी आत ओढून घेईल, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या स्वतःच्या वडलांनी त्यांना दरडावून विचारलं असतं, तर त्यांनी तरी काय सांगितलं असतं? पोरगा हे गप्प बसणं कुठल्या शाळेत शिकला नव्हता. तो बापाकडं बघून शिकला होता.

सकाळी नानांनी जावयांना फोन लावला. "डॉक्टर, मला दाखवायला यायचंय," एवढंच म्हणाले. मग धाकट्याला हाक मारली. "सुट्टी टाक. मला नगरला घेऊन चल."

दवाखान्यात जावयांनी नानांना आत घेतलं. धाकटा बाहेरच्या बाकावर बसायला निघाला, तेव्हा नाना म्हणाले, "ह्यालाबी आत येऊ द्या."

"मामा, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल," जावई म्हणाले.

"व्हायचं ते नऊ वरसं झालं. आता न्हाई." नाना टेबलावर बसले आणि पोरासमोर, जावयासमोर म्हणाले, "डॉक्टर, माझं डावं अंड सुजलंय. नऊ वरसं झाली. मी सगळ्यांना कंबर सांगत आलो. तुम्हाला तोंड चुकवत आलो. ती चूक माझी."

जावयांनी एक शब्दही लागेलसा काढला नाही. पडदा ओढला, दिवा मालवला आणि छोटी बॅटरी सुजेच्या मागं धरली. अंधारात ती सूज आतून लालसर उजळली. "हे बघा मामा, उजेड आरपार येतोय. म्हणजे आत पाणी आहे. ह्याला हायड्रोसील म्हणतात. गाठ नाही, कॅन्सर नाही. सोनोग्राफी करून खात्री करू. छोटं ऑपरेशन आहे, एक-दोन दिवसांत घरी जाल. नऊ वर्षं उगाच सोसलंत."

नाना खाली उतरले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "माझं झालं. आता ह्याला बघा. तो सांगंल तुम्हाला. मी भाईर बसतो."

दार लोटलं गेलं. धाकटा थोडा वेळ जमिनीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, मलापण आहे. चैत्रापासून."

जावयांनी त्याला तपासलं. पुन्हा बॅटरी लावली. या वेळी उजेड आला नाही. दगडामागं धरावा तसा तो नुसता मागच्या मागं राहिला. जांघेत एक जुनी, पुसट झालेली टाक्यांची खूण दिसली.

"हे कशाचं?"

"अंतर्गळाचं. लहानपणी ऑपरेशन झालंय."

"अंतर्गळाचंच होतं, कुणी सांगितलं?"

"आईनं."

जावयांनी घरी फोन लावला आणि सासूबाईंना विचारलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आई म्हणाली, "अंतर्गळ नव्हतं ते. जन्मला तवा एक गोळी खाली उतरली नव्हती. सातव्या वर्षी कापून खाली आणली. लोकांना काय सांगायचं, म्हणून अंतर्गळ सांगितलं. त्यालाबी तेच सांगितलं."

जावयांनी फोन ठेवला आणि धाकट्याला समोर बसवलं. "तुला हे आधीच माहीत असायला हवं होतं," ते म्हणाले. "गर्भात असताना मुलाच्या गोळ्या, म्हणजे अंडं, पोटात असतात. जन्माच्या आधी त्या जांघेतून खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत तीनेक मुलांची एखादी गोळी वर राहते. बऱ्याच जणांची सहा महिन्यांत आपोआप खाली येते. नाही आली, तर वर्षाच्या आसपास, फार तर दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून खाली आणायची. कारण अशा गोळीला पुढं कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. ऑपरेशननं तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून अशा मुलाला मोठा झाल्यावर सांगायचं असतं, की बाबा, महिन्यातून एकदा स्वतःला तपासत जा. तुला कुणी सांगितलंच नाही."

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. गाठ अंडाच्या आतच होती. रक्त तपासायला दिलं. अल्फा फीटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच अशा तीन तपासण्या. या आजारात हे पदार्थ रक्तात वाढू शकतात आणि त्यावरून गाठीची जात आणि उपचाराचा गुण कळायला मदत होते.

"दाजी, सुई घालून तुकडा काढून बघता येत नाही का?" धाकट्यानं विचारलं.

"इतर गाठींना बघतात. इथं नाही बघत. पिशवीतून सुई घातली तर रोग कातडीत आणि जांघेच्या गाठींत पसरायचा धोका. म्हणून वरून, जांघेतून छेद घेऊन अख्खी गोळी बाहेर काढतात आणि मग तपासतात. कुणी पिशवीला चिरा देऊन गाठ काढतो म्हणालं, तर उठून यायचं."

"म्हणजे एक काढायची." धाकट्याचा आवाज बसला. "मग मी…"

"तू आहे तसाच राहशील. दुसरी चांगली असली की एक गोळी पुरते. दाढीमिशी, आवाज, ताकद, संसार, सगळ्याला पुरते. पुढं औषधं द्यावी लागली, तर काही काळ बीज कमी होतं, क्वचित कायमचं. म्हणून आधीच ते गोठवून ठेवायची सोय असते. ती आपण करून घेऊ. आणि आणखी एक. हा आजार आपल्याकडं विरळा, वर्षाला लाखात एकालाही होत नाही. पण होतो तो पंधरा ते चाळीस या वयात, ऐन उमेदीत. आणि कॅन्सरमध्ये जे सगळ्यांत चांगले बरे होतात, त्यांतला हा एक. अंडातच असताना सापडला तर शंभरातले नव्याण्णव बरे होतात. पोटातल्या गाठींपर्यंत गेला, तरी शंभरातले नव्वदहून जास्त."

बाहेर नाना बाकावर बसले होते. धाकटा येऊन शेजारी बसला आणि सगळं सांगितलं. नाना ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मी नऊ वरसांमागं तोंड उघडलं असतं, तर तू चार महिने गप बसला नसतास. चल. जे करायचं ते करू."

मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं ठरलं. पारनेर तालुक्यातलं क्वचितच एखादं घर असेल, ज्याचं माणूस पोटापाण्यासाठी मुंबईला नाही. धाकट्याचे चुलतेही तिकडंच होते, त्यांच्या खोलीवर बापलेक उतरले. टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. तिथल्या गर्दीत धाकट्याला पहिल्याच दिवशी त्याच्या वयाची दोन पोरं भेटली, एक विदर्भातला आणि एक बिहारचा. दोघांनाही हेच होतं. दोघेही म्हणाले, आधी कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. तपासणीत गाठ सेमिनोमा जातीची निघाली. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला, मणक्यालगतच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसल्या. पाठीतला ठणका तिथून येत होता. म्हणजे रोग चार महिन्यांत घराबाहेर पडला होता आणि आता किमोथेरपी घ्यावी लागणार होती. आधी बीज गोठवून ठेवण्याचं काम उरकलं. मग तीन औषधांचा कोर्स सुरू झाला, ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. दर एकवीस दिवसांनी एक, असे तीन कोर्स. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्चाचा मोठा भार हलका झाला. नानांनी शिधापत्रिका काखेत धरून आरोग्यमित्राच्या टेबलापाशी किती चकरा मारल्या, ते त्यांनी कधी मोजलं नाही.

पहिल्या कोर्सनंतर धाकट्याचे केस गेले, अन्नाचा वास नकोसा झाला. एका रात्री तो चुलत्यांच्या खोलीवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. तेव्हा दाजींनी त्याला फोनवर एक हकीकत सांगितली.

"तुझ्या नळीतून जे औषध जातंय ना, सिस्प्लॅटिन, त्यात प्लॅटिनम आहे. 1965 साली अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जीवाणूंमधून वीज सोडून बघत होता. जीवाणूंचं विभाजन थांबलं. आधी त्याला वाटलं, विजेचा गुण. मग कळलं, विजेच्या दांड्या प्लॅटिनमच्या होत्या आणि त्यातून झिरपलेल्या द्रव्याचा तो गुण होता. विभाजन थांबवणारं द्रव्य, म्हणजे कॅन्सरवर चालेल! 1974 साली इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते दुसऱ्या दोन औषधांबरोबर जॉन क्लीलँड नावाच्या विद्यार्थ्याला दिलं. त्याचा अंडाचा कॅन्सर अंगभर पसरला होता, आधीची औषधं हरली होती. तो पूर्ण बरा झाला. त्याआधी असा पसरलेला रोग झालेले दहांतले नऊ जण जात. आता बहुतेक जण राहतात."

धाकटा ऐकत होता.

"आणि युवराज सिंग तुला माहीतच आहे. 2011 चा वर्ल्ड कप, मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. त्याची गाठ छातीत होती, दोन फुप्फुसांच्या मधे. पण जात हीच, सेमिनोमा. कारण ज्या पेशींपासून पुढं बीज बनतं, त्या गर्भात असताना अंगातून प्रवास करत खाली येतात. एखादी वाटेत राहिली की तिथंही गाठ होऊ शकते. 2012 च्या सुरुवातीला तो त्याच डॉ. आइनहॉर्न यांच्याकडं इंडियानापोलिसला गेला, किमो घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात भारताकडून पुन्हा मैदानात उतरला. त्यानं आजाराचं नाव लपवलं नाही. तूही लपवू नकोस."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं नानांना म्हटलं, "नाना, मुलीकडच्यांना सांगून टाकू."

नाना स्वतः गेले. मुलीच्या वडलांसमोर बसून आजाराचं नाव घेतलं, ऑपरेशन सांगितलं, डॉक्टरांचा नंबर दिला आणि म्हणाले, "तुमच्या लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. खात्री करा, मग ठरवा." मुलीचे वडील म्हणाले, विचार करून कळवतो. त्यांनी कळवलं नाही. धाकट्याला लागलं ते. पण नाना म्हणाले, "त्यांना बोल लावू नको. लपवून आणलेली सून आपल्या घरात सुखानं नांदली नसती."

तिसरा कोर्स संपला. पुन्हा स्कॅन झाला, ग्रंथी आक्रसल्या होत्या, रक्तातल्या खुणा नेहमीसारख्या झाल्या. मग पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि पुढंही वर्षानुवर्षं, असं वेळापत्रक हातात देऊन डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. माघात नानांचंही ऑपरेशन झालं, तेही नगरला, जावयांच्या देखरेखीखाली. नाना पुन्हा लेंगा घालायला लागले.

चैत्रात गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तन उठल्यावर पुरुष मंडळी देवळाच्या ओट्यावर बसली होती. नानांनी तिथं तोंड उघडलं.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "तुम्ही समदे मला विचारता, पोराला काय झालं हुतं. पोटाचा आजार म्हणून मी सांगणार न्हाई. त्याला अंडाचा कॅन्सर झाला हुता. बरा झालाय. आणि मला नऊ वरसं अंडात पाणी झालं हुतं. तेबी काढलं. मी लाज धरली आणि पोरानं माझं बघून धरली. त्यापायी त्याचा जीव जाता जाता राहिला."

ओट्यावर कुणी हललं नाही. मग नानांनी पोरांकडं वळून, कांद्याची निगा सांगावी तितक्या सरळपणे सांगितलं. "महिन्यातनं एक दिस, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर बघायचं. दोन्ही हातांनी, एकेक गोळी अंगठ्यानं आणि बोटांनी हळू फिरवत चाचपायची. एक खाली, एक वर असती, एक जरा मोठी असती, ते तसंच असतं. मागच्या अंगाला दोरीसारखं लागतं, तेबी बरोबर असतं. पण गोळीवर घट्ट गाठ लागली, नेहमीपेक्षा जड लागली, मोठी झाली, तर दुखायची वाट बघायची न्हाई. ही गाठ बहुतेकदा दुखतच न्हाई. ज्याच्या पोराची गोळी लहानपणी खाली आली न्हाई, त्यानं वर्षाच्या आत दवाखाना गाठायचा आणि पोरगा मोठा झाला की त्याला खरं सांगायचं. अंतर्गळ म्हणून सांगायचं न्हाई."

जावईही त्या रात्री तिथं होते. ते म्हणाले, "मामांच्या सांगण्यात एकच भर घालतो. पोराच्या अंडात एकाएकी जोराची कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका. गोळी पिळवटून तिचं रक्त थांबलेलं असू शकतं. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर बहुतेकदा ती वाचते. मग रात्र असो की सप्ताह."

गावचे निवृत्त गुरुजी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "नाना, तुम्ही आज मोठं काम केलंत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं ते ह्याचसाठी, की माणसानं शरीराबद्दल मोकळेपणानं बोलावं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. खटला हरले, तरी कर्वे थांबले नाहीत. 1953 मध्ये जग सोडेपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. इतकी वर्षं झाली, तरी आपण ओट्यावर बसून कंबर धरलीय म्हणतो."

त्या रात्री ओटा लवकर रिकामा झाला नाही. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, रात्री पाच-पाच वेळा उठावं लागतं, लघवी तुंबते, सुनेला आवाज जातो म्हणून लाज वाटते. जावयांनी त्यांना प्रोस्टेटबद्दल समजावलं आणि सोमवारी बोलावलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं जांघेतला फुगवटा दाखवायची तयारी दाखवली. दोन तरण्या पोरांनी जावयांना देवळामागं गाठून हळू आवाजात काही विचारलं. त्यातल्या एकाला काहीच नव्हतं, नुसती मागची नस हाताला लागत होती. तो सहा महिने घाबरून झोपला नव्हता, त्याला त्या रात्री झोप लागली.

पुढं धाकट्याचं लग्न जमलं. या वेळी पहिल्याच बैठकीत नानांनी हॉस्पिटलची फाईल मुलीच्या वडलांपुढं ठेवली. मुलीनं स्वतः फाईल मागून घेतली, जावयांना फोन करून चार प्रश्न विचारले आणि होकार दिला. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं लेकाला जवळ बसवलं आणि म्हणाली, "सातव्या वर्षी तुला खरं सांगायला पाहिजे हुतं. तुझ्या लेकराला तू सांग."

तात्पर्य: तरणा पोरगा दुखणं लपवतो, तो अडाणी असतो म्हणून नव्हे. त्याच्या घरातल्या थोरल्या पुरुषानं कधी स्वतःच्या शरीराचं नाव घेतलेलं नसतं, म्हणून तो लपवतो. शाळा, दवाखाना, सरकार यांनी सांगायचं ते सांगावंच. पण पोराला तोंड फुटतं ते बाप आधी बोलला तर. म्हणून ज्याच्या घरी वयात आलेला मुलगा, भाऊ, पुतण्या, भाचा असेल, त्यानं आजच त्याला समोर बसवावं आणि आधी स्वतःचं सांगावं.